अपवेलिंग : उसळी, उमाळा की उपसा?

प्रश्न : वर्सोव्यातल्या शाळेत कोळीवाड्याची बरीच मुलं आहेत, त्यांच्यापुढे समुद्राबद्दल बोलायचं आहे. वाऱ्यामुळे किनाऱ्यालगत खोलातलं गार पाणी वर येतं, इंग्रजीत ‘अपवेलिंग’. त्याला ‘ऊर्ध्ववहन’ म्हटलं तर मुलं जांभया देतील. ‘उसळी’ चालेल का?

उत्तर : ‘उसळी’ नको. उसळीत झटका आहे आणि हे पाणी दिवसाला जेमतेम काही मीटर वर सरकतं. ‘उमाळा’ मला फार आवडतो, पण उमाळ्याचा जोर खालचा, झऱ्यासारखा. इथे खालून कोणी ढकलत नाही. वारा पृष्ठभागाला घासून वरचं पाणी ओढतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो अख्खा थर उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजव्या हाताला, काटकोनात सरकतो. आर्क्टिकमध्ये बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे वाहतो हे नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन यानं पाहिलं होतं, त्याचं गणित स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन यानं १९०५ साली मांडलं. पाणी असं किनाऱ्यापासून दूर गेलं की त्याची जागा भरायला खालचं वर येतं.

आता विहीर आठवा. आपण उपसतो, पातळी उतरते, मग झरे पाणी देतात. म्हणून माझं मत ‘उपसा’. उपसणारा कोण, हे तो शब्दच सांगतो.

प्रश्न : पण उपसलेलं पाणी विहिरीबाहेर जातं. समुद्रातलं समुद्रातच राहतं ना?

उत्तर : बरोबर, म्हणून ‘किनारी उपसा’ म्हणा. पाणी किनाऱ्यापासून दूर जातं, एवढं त्यात आलं. या शब्दाला जोडीदारही मिळतो. वाऱ्यामुळे पाणी किनाऱ्याशी साचून खाली बसतं, तो ‘निचरा’.

मुलांना एक खरं सांगा : पावसाळ्यातला हा उपसा केरळच्या किनाऱ्यावर ठळक असतो, आपल्याकडे येईस्तोवर मंदावतो. तिथे वर येणारं पाणी माशांच्या खाद्याला खत पुरवतं, तारलीचे थवे त्यावर पोसतात. त्याच पाण्यात प्राणवायू मात्र कमी असतो.

प्रश्न : मोठ्या मुलांना संगणकावरचं साधं मॉडेलही दाखवणार आहे. त्यात वाऱ्याची दिशा द्यावी लागते.

उत्तर : तिथे शब्दांना फार जपा. वारा कुठून येतो त्यावरून त्याचं नाव पडतं, प्रवाहाचं मात्र तो कुठे जातो त्यावरून. वायव्येचा वारा वायव्येकडे जाणारा समजून आकडे भरलेत, तर आपल्या किनाऱ्यावर उपशाच्या जागी निचरा दिसेल. ‘दक्षिणी प्रवाह’ असंही लिहू नका, ‘दक्षिणेकडे जाणारा’ असं पुरतं लिहा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह तसाच जातो, हिवाळ्यात उलटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट केला की पाण्यावरची ओढ साधारण चौपट होते, हेही मुलांना करून पाहू द्या.

सुरुवात मतलई आणि खाऱ्या वाऱ्यापासून करा. एक जमिनीकडून येतो, दुसरा समुद्राकडून. ‘कुठून’ हा प्रश्न या मुलांना शिकवावा लागणार नाही.