‘शाळेची परीक्षा घेतली’ : जुन्या शेरेबुकातील ‘परीक्षा’ म्हणजे ‘तपासणी’च का?

प्रश्न (खानापूर तालुका)

आमच्या गावच्या मराठी शाळेची स्मरणिका छापायची आहे आणि तीत शेरेबुकातील (शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या वहीतील) जुन्या नोंदी द्याव्यात असे समितीने ठरवले आहे. इंग्रजी अमदानीतील नोंदींत ‘शाळेची परीक्षा घेतली’ हे वाक्य वारंवार येते. ‘शाळा तपासली’ असे क्वचित दिसते, आणि तेही निराळ्या तारखांना. समितीतील तरुण मंडळींचे म्हणणे असे की परीक्षा मुलांची असते, शाळेची नव्हे. तेव्हा आजच्या वाचकाच्या सोयीसाठी सरसकट ‘तपासणी’ छापावे. हे दोन शब्द त्या काळी एकाच अर्थाने वापरत होते का? तसेच ‘दिपोटी’च्या (शाळांवर येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या) जागी ‘शिक्षणाधिकारी’ छापले तर चालेल का?

निपाणी

माझ्या मते शब्द दोन, पण गोष्ट एकच. आमच्याकडील वृद्ध माणसे अजूनही ‘दिपोटी आला की परीक्षा’ असे सांगतात. ‘तपासणी’ छापल्याने काही बिघडणार नाही.

शहापूर, बेळगाव

निपाणीकरांच्या घरातील वृद्ध सांगतात ते खरे आहे, परंतु त्यावरून शब्द समानार्थी ठरत नाहीत. दिपोटी येणे आणि परीक्षा होणे या दोन गोष्टी एका दिवसात का उरकल्या जात, हाच त्या काळातील वादाचा विषय होता, आणि ‘तपासणी’ छापले की तो वाद स्मरणिकेतून पुसला जाईल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीच्या 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले. वरती डायरेक्टर, त्याखाली इन्स्पेक्टर आणि प्रत्यक्ष गावोगाव हिंडणारा डेप्युटी इन्स्पेक्टर अशी रचना होती; हा डेप्युटी म्हणजेच आपला दिपोटी. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडेच असल्यामुळे येथील मराठी आणि कानडी अशा दोन्ही शाळांना हीच रचना लागू होती. माझे शहापूर मात्र सांगली संस्थानात होते, म्हणजे आज एकाच शहरात मोडणाऱ्या या दोन वस्त्यांवर तेव्हा दोन वेगळ्या दरबारांचा अंमल होता.

त्याच सुमारास इंग्लंडात शाळांच्या अनुदानाची 1862 ची सुधारित नियमावली आली. तिच्यानुसार मुलाच्या हजेरीवर चार शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित या तिन्हींत उत्तीर्ण झाल्यास आणखी आठ शिलिंग शाळेला मिळत. एका विषयात मूल गळले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. म्हणजे इन्स्पेक्टरने प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे उभे करून विचारल्याशिवाय पैशाचा हिशेबच होत नसे. खुद्द तेथील एक इन्स्पेक्टर, कवी मॅथ्यू आर्नल्ड, याने या पद्धतीला कडाडून विरोध केला, कारण अशा रीतीने शाळेचे एकंदर शिक्षण कसे आहे हे पाहायला अधिकाऱ्याला सवडच राहत नव्हती. ‘निकालावर अनुदान’ ही कल्पना सर अलेक्झांडर ग्रँट डायरेक्टर असताना मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांना लागू झाली.

आता शब्दांकडे येतो. ‘तपासणी’त अधिकारी शाळा पाहतो: इमारत, हजेरीपट, मास्तर फळ्यापाशी काय करतात ते, मागच्या बाकावरील मुले काय करतात ते. ‘परीक्षे’त तो मुलांना प्रश्न विचारतो आणि इयत्तेप्रमाणे पास-नापास ठरवतो. 1882 च्या हंटर शिक्षण आयोगाने हा फरक आपल्या शिफारशीतच केला आहे. प्राथमिक शाळांची परीक्षा होईल तितकी जागेवर, म्हणजे त्या त्या गावी, घ्यावी असे आयोग म्हणतो. मात्र अनुदान घेणाऱ्या शाळांची तपासणी ‘होईल तितकी’ नव्हे, तर बिनचूक जागेवरच व्हावी असे सांगतो. मुलांना एखाद्या मोठ्या गावी गोळा करून परीक्षा उरकता येते, शाळेची पाहणी मात्र तशी उरकता येत नाही. दोन्ही शब्द समानार्थी असते तर एकाच शिफारशीत दोन निराळ्या अटी घालण्याचे कारण नव्हते.

त्याच आयोगापुढे ऑक्टोबर 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन या चर्चेत आलेच पाहिजे. वर्षातून एकदा डेप्युटीने येऊन जाण्याचा म्हणण्यासारखा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली जावी आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता जावे, असे त्यांनी मांडले. गावकामगारांवर व जिल्ह्यातील इतर अंमलदारांवर हे काम सोपवून भागणार नाही, त्यांना सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही त्यांनी सांगितले. वर्दी न देता येण्याची मागणी ही तपासणीची मागणी आहे. वार्षिक परीक्षेला वर्दी द्यावीच लागते, नाहीतर मुले हजर कशी राहणार? म्हणून तुमच्या शेरेबुकात दोन शब्द निराळ्या तारखांना येतात हे मला फार मोलाचे वाटते. ते एक करू नयेत.

चिकोडी (निवृत्त शिक्षक)

शहापूरकरांचे विवेचन उत्तम आहे, पण एका ठिकाणी माझा आक्षेप आहे. निकालावर अनुदान खाजगी शाळांना होते. खानापूर तालुक्यातील खेड्यातली शाळा बहुधा लोकल फंडाची असणार, म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जो उपकर बसवला होता आणि ज्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता, त्यावर चालणारी. तिथे मुलामागे अनुदान कापले जाण्याचा प्रश्नच येत नाही. मग तिथल्या ‘परीक्षा’ शब्दाला त्या वादाशी जोडणे कितपत बरोबर?

दुसरे असे की ‘शाळेची परीक्षा’ हा प्रयोग आपल्याला विचित्र वाटतो तो आजच्या कानाने. नाडीपरीक्षा, रत्नपरीक्षा हे शब्द घ्या. नाडी काही पेपर लिहायला बसत नाही. जाणकार तिच्यापाशी जाऊन ती पाहतो. ‘परि’ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे चहूबाजूंनी पाहणे. या न्यायाने शाळेची परीक्षा म्हणजे शाळा नीट निरखणे, हा अर्थ भाषेत आधीपासूनच होता. तरुण मंडळी अगदीच चूक नाहीत.

शहापूर, बेळगाव

गुरुजी, लोकल फंडाबद्दलचा आपला मुद्दा मान्य आहे. पैसा तिथे कापला जात नव्हता. पण इयत्तावार परीक्षेची रीत दोन्ही प्रकारच्या शाळांत होती, आणि मूल वर घालायचे की आहे तिथेच ठेवायचे हे दिपोटीच्या परीक्षेवर ठरे. मास्तराची बढती-बदली त्याच अधिकाऱ्याच्या शेऱ्याकडे डोळे लावून असे, तेव्हा अनुदान नसले तरी धाक तोच होता. दिपोटी यायच्या आधी कच्च्या मुलांना घरी बसवणे आणि धड्यावर धडे घोकून घेणे यासाठी अनुदानाचा नियम लागतोच असे नाही.

‘रत्नपरीक्षे’चा दाखला मला आवडला, तरी तो इथे पुरता लागू पडत नाही. स्मरणिकेसाठी प्रश्न व्युत्पत्तीचा नसून त्या नोंदी लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थाचा आहे. त्याच हाताने दुसऱ्या तारखेला ‘तपासली’ लिहिले असेल, तर त्याच्या लेखी फरक होता. ‘परीक्षा घेतली’च्या पुढे इयत्तावार पास-नापास मुलांचे आकडे आहेत का, हे प्रश्नकर्त्यांनी कृपया पाहावे.

‘इयत्ता’ हा शब्दही याच मुशीतला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे मोजमाप. आज आपण बसायच्या वर्गाला इयत्ता म्हणतो, पण त्या काळच्या सरकारी भाषेत ती परीक्षेत गाठायची पातळी होती. मूल तिसरीच्या मुलांत बसूनही दुसऱ्या इयत्तेची परीक्षा देऊ शकत असे.

धारवाड (मूळ गाव संकेश्वर)

कानडीच्या बाजूने थोडी भर घालतो. उत्तर कर्नाटकातील जुनी माणसे सातवीच्या सार्वजनिक परीक्षेला अजून ‘मुल्की परीक्षे’ म्हणतात, आणि ‘इयत्ते’ हा शब्दही मुंबईकडील कानडी शाळांत रूढ होता. आता ‘तरगती’ झाले. ‘तपासणे’ तर कानडीत सर्रास चालते. दोन्ही भाषांच्या शाळांवर एकच विद्याखाते असल्याच्या या खुणा आहेत. ‘डेप्युटी’ची गंमत अशी की बेळगाव-धारवाडकडे कानडी शाळांसाठी झटलेले शिक्षणाधिकारी चन्नबसप्पा आजही ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ म्हणूनच ओळखले जातात. हुद्दा नावाला इतका चिकटला की तो काढला तर माणूस ओळखू येणार नाही. म्हणून ‘दिपोटी’ बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चिकोडी (निवृत्त शिक्षक)

‘दिपोटी’बद्दल मीही सहमत आहे. शिवाय ‘शिक्षणाधिकारी’ छापले तर महाराष्ट्रातील वाचक जिल्हा परिषदेचा अधिकारी समजेल. दिपोटी तो नव्हे. आपल्याकडे कर्नाटकात आज तालुक्याला बी.ई.ओ. (ब्लॉक एज्युकेशन ऑफिसर) आणि बेळगाव व चिकोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांना डी.डी.पी.आय. (डेप्युटी डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन) आहेत. त्यातील ‘पी.आय.’ म्हणजे ‘पब्लिक इन्स्ट्रक्शन’, 1855 च्या खात्याचेच नाव. महाराष्ट्रातील जिल्हा अधिकाऱ्याच्या हुद्द्यात ते उरले नाही, आपल्याकडे बोलण्यात राहिले.

‘परीक्षे’बाबत माझा आक्षेप मात्र अर्धाच मागे घेतो. 1904 च्या कर्झनच्या शिक्षणविषयक ठरावाने निकालावर अनुदानाची पद्धत सोडून द्यावी असे सांगितले, आणि मुंबई इलाख्याच्या 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या. त्यामुळे नोंद कोणत्या वर्षाची आहे यावर ‘परीक्षा’चा अर्थ बदलू शकतो. 1880 च्या सुमारास ‘परीक्षा घेतली’ म्हणजे प्रत्येक मूल उभे केले असे धरता येईल. 1930 नंतर तोच शब्द केवळ सवयीने लिहिलेला असू शकतो. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1929 च्या हार्टोग समितीने तपासनीसांची संख्या अपुरी असल्याचे म्हटले होते, तेव्हा प्रत्येक मूल तपासायला माणूस होता कुठे?

नाव बदलले की वस्तू बदलते असे सरकारला नेहमीच वाटत आले आहे, हे जाता जाता नोंदवतो. 2024 मध्ये कर्नाटकातील पाचवी, आठवी, नववीच्या राज्यस्तरीय परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हाही शासनाचे म्हणणे ही परीक्षा नसून मूल्यांकन आहे असेच होते.

खानापूर तालुका (प्रश्नकर्ते)

सर्वांचे आभार. शेरेबुक पुन्हा पाहिले. जुन्या ‘परीक्षा’ नोंदींपुढे इयत्तावार हजर, पास आणि नापास असे तीन रकाने आहेत. ‘शाळा तपासली’ या नोंदींखाली रकाने नाहीत, त्याऐवजी कौले फुटल्याबद्दल, नकाशा नसल्याबद्दल आणि मास्तर उच्चाराकडे लक्ष देत नाहीत याबद्दल शेरे आहेत. गुरुजींच्या सूचनेप्रमाणे उत्तरकाळातील नोंदी पाहता तिथे ‘परीक्षा’ लिहूनही रकाने गाळलेले आढळतात.

समितीपुढे असे ठेवतो की मूळ शब्द कुठेही बदलू नयेत, ‘दिपोटी’ला एक टीप द्यावी आणि ‘परीक्षा’ला दोन टिपा द्याव्यात, एक रकाने असलेल्या नोंदींसाठी आणि एक नसलेल्यांसाठी. आता एकच अडचण उरली आहे: काही नोंदींत ‘मुले उतरवली’ असे आहे, आणि ते नापास करून खालच्या इयत्तेत घातली या अर्थी की पटावरून कमी केली या अर्थी, हे आम्हाला ठरवता येत नाही. कोणाच्या शाळेच्या कागदांत हा प्रयोग आढळला असल्यास आधीच्या-नंतरच्या ओळींसह कळवावा.