बी विंगचं पाणी आणि ईरूची रॅश

बी-४०२ ईराची आई (सकाळी ७.०४): सेक्रेटरी साहेब आज परत गढूळ पाणी. बी विंगला कोणी वालीच नाही का? बारा दिवस झाले ईरूची डायपरची रॅश जात नाहीये, याच टँकरच्या पाण्याने धुवायचं का मी तिला रोज? गेल्या महिन्यात म्हणाला होतात टाकी धुतो. प्लीज रिप्लाय.

सी-१०४ काका: सुप्रभात. सर्वांना नम्र विनंती. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढूनच कचऱ्यात द्यावेत. काल परत जिन्याजवळ उघडं पाकीट होतं. कचरावाल्या ताईंना ते हाताने उचलावं लागतं.

बी-४०२ ईराची आई: काका ते माझं नव्हतं. मी पेपरमध्ये गुंडाळते आणि ठिपकासुद्धा काढते. लाल पेन संपलंय म्हणून लिपस्टिकने काढते.

ए-६०२: कुठला शेड वहिनी 😂

ए-५०३ आजी: अगं पोरी आमच्या वेळेला कुठे होते डायपर जुन्या धोतराचे सुती लंगोट असायचे आणि आंघोळ झाली की ओव्याची धुरी आणि ढुंगणाला बोरिक पावडर लावायची झालं काही होत नव्हतं मी हे बोलून टाइप करते आहे चुकलं तर समजून घ्या बंद कसं करायचं हे अगं बघ जरा

सेक्रेटरी: आजी, शब्द जरा जपून. ग्रुपवर सगळे आहेत.

ए-५०३ आजी: ढुंगणाला ढुंगणच म्हणतात

ए-६०२: आजी रॉक्स 🙏 वहिनी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती सगळ्याला चालणारी ट्यूब मिळते, तीन औषधं एकत्र असतात. मला जांघेत खाज होती तेव्हा दोन दिवसात गायब.

बी-७०१ डॉक्टर: आजी, बोरिक पावडर अजिबात नको. सोललेल्या कातडीतून अंगात जाते आणि लहान मुलांना विषारी असते. बाकीचं मुलांच्या डॉक्टरला विचारा, मी दातांचा आहे, दर वेळी सांगावं लागतं.

बी-४०२ ईराची आई: तीच ट्यूब लावतेय पाच दिवस. मेडिकलवाल्यानेच दिली. पहिले दोन दिवस इतकं छान उतरलं की मी नवऱ्याला म्हटलं सुटलो एकदाचे, आणि मग दुप्पट आलं. आता जांघेच्या घडीत पार आतपर्यंत लालभडक आहे आणि कडेने मोहरीएवढे सुट्टे सुट्टे ठिपके. शू झाली की किंचाळते. फोटो टाकते थांबा.

बी-४०२ ईराची आई: *हा मेसेज डिलीट केला आहे*

ए-२०१ अर्णवची आई: बरं केलंस काढलास. लेकीचा असा फोटो इतक्या लोकांच्या ग्रुपवर नको गं. मला वेगळा पाठव.

सी-१०४ काका: डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. कृपया.

बी-३०२ काकू: पाणी आमच्याकडेही तेच येतं. आमच्याकडे कोणी पाण्याच्या नावाने ओरडत नाही.

बी-४०२ ईराची आई: तुमच्या घरात डायपर घालणारं कोण आहे काकू?

बी-३०२ काकू: सासूबाई आहेत. तीन वर्षं अंथरुणावर. त्यांनाही पावसाळ्यात जांघेत हेच होतं, ठिपक्यांसकट. आम्ही ग्रुपवर टाकत नाही इतकंच.

(बराच वेळ कोणाचाच मेसेज नाही.)

बी-४०२ ईराची आई: सॉरी काकू. खरंच लक्षात नाही आलं. रात्रभर झोप नाहीये.

बी-३०२ काकू: असू दे. पुसतेस का धुतल्यावर? पुसायचं नाही, टिपायचं. जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने. घडी दोन बोटांनी उघडून आतलं टिपायचं, तिथेच ओल राहते. मग पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं तसंच उघडं. लगेच बांधलंस की आत घाम, आणि मग कितीही औषध लाव.

ए-२०१ अर्णवची आई: काकू बरोबर आहेत. आता माझं ऐक, अर्णवचं मागच्या वर्षी सेम टू सेम झालं होतं. त्याचा कान दुखत होता म्हणून अँटिबायोटिक दिलं, त्याने जुलाब झाले आणि जुलाबावर ही रॅश. मी आधी पांढरं झिंकचं क्रीम थापत बसले आठवडाभर. साध्या रॅशला ते पुरतं, पण ही बुरशी असते, कॅन्डिडा, ती झिंकने मरत नाही. ओळखायचं कसं तर साधी रॅश डायपर जिथे घासतो त्या उंच भागावर येते आणि घड्या बहुतेक वाचतात, ही उलट घडीत घुसते आणि बाहेर सुट्टे ठिपके टाकते. तू लिहिलंस तसंच. आणि त्या तीन-इन-वन ट्यूबचं खोकं बघ घरी असेल तर. मागे बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का?

बी-४०२ ईराची आई: आहे. क्लोबेटासोल. मोबाईलने झूम करून वाचलं. डाव्या बाजूला लाल रेघपण आहे.

ए-२०१ अर्णवची आई: हं. ते स्टिरॉइड आहे आणि चांगलंच कडक. सूज, लाली दाबून टाकतं म्हणून दोन दिवस वाटतं बरं झालं, आत बुरशी आरामात वाढत असते. आमचे डॉक्टर म्हणाले डायपर म्हणजे वरून पट्टी बांधल्यासारखं, औषध जास्तच आत शिरतं, कातडी पातळ होते. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकलीसुद्धा, पण आपल्याकडे मागितलं की हातात.

ए-६०२: अरे मग माझं काय? मी अजून अधूनमधून लावतो

बी-७०१ डॉक्टर: स्किनवाल्याला दाखव. आजच. आणि दुसऱ्यांना सुचवणं बंद कर.

ए-६०२: ओके सर. लाल ठिपका, लाल रेघ, लाल जांघ. सोसायटीचा झेंडाच झाला.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून. पाण्याबद्दल: टँकरवाल्याशी बोललो आहे. टाकी रविवारी धुणार. मेंटेनन्स थकलेल्यांनी आधी भरावा, टाकी फुकट धुतली जात नाही.

बी-४०२ ईराची आई: माझा भरलेला आहे साहेब. यादी टाका हवी तर.

सेक्रेटरी: यादी टाकली तर परत मागच्या वर्षीसारखं होईल.

ए-५०३ आजी: मागच्या वर्षी काय झालं होतं मला कोणी सांगितलंच नाही

ए-२०१ अर्णवची आई: तू हे सोड, आज संध्याकाळीच दाखवून ये. तोंडात बघितलंस का तिच्या? गालाच्या आतून, जिभेवर दह्यासारखं पांढरं, पुसून न जाणारं? बऱ्याचदा तिथेही असतं. आणि ताप, पू, फोड किंवा पिवळी खपली दिसली तर संध्याकाळची वाट पण बघू नकोस.

बी-४०२ ईराची आई: ताप नाहीये. जिभेवर पांढरं आहे, मला वाटलं दुधाचं.

सी-१०४ काका: डॉक्टरांकडे निघताना वापरलेला डायपर लिफ्टमध्ये ठेवू नये. मागे झालं आहे.

बी-४०२ ईराची आई: काका 🙏

---

बी-४०२ ईराची आई (शनिवार, दुपारी १.४०): सगळ्यांनी विचारलंत म्हणून सांगते. बुरशीच होती. ती ट्यूब एकदम बंद. साधं क्लोट्रिमाझोल (बुरशीवरचं मलम) एक टक्का दिलंय, दिवसातून दोनदा, पातळ थर, घडीच्या आत आणि ठिपक्यांच्या थोडं बाहेरपर्यंत. ते मुरलं की वरून झिंकचं क्रीम. तोंडात लावायला वेगळं पेंट. डॉक्टर म्हणाले लाली गेली म्हणून लगेच थांबायचं नाही, नंतरही काही दिवस लावायचंय. आणि मी प्रत्येक वेळी झिंक घासून घासून काढायचे ना, तेच चुकत होतं, शी झाली तेवढाच वरचा थर कोमट पाण्याने कापसाने काढायचा, खालचा राहू द्यायचा. वासाचे वाइप्स बंद. डेटॉलचं पाणी बंद (हे सासूबाईंना सांगायचं धाडस नवऱ्याने केलं). पाण्याचं विचारलं तर म्हणाले गढूळ पाणी चांगलं नाहीच, पण ही बुरशी पाण्यातून आलेली नाही.

सेक्रेटरी: नोंद घेतली. शेवटचं वाक्य सर्वांनी वाचावं.

बी-४०२ ईराची आई: टाकी तरी पण धुवायचीच आहे साहेब.

बी-३०२ काकू: झोपली का रात्री?

बी-४०२ ईराची आई: काल पहिल्यांदा सलग पाच तास. दिवसभर लंगोटच बांधतेय काकू, जरा ओला झाला की बदलते. पण या पावसात वाळतच नाहीत, दमट लंगोट बांधला तर परत तेच, म्हणून एकेक इस्त्री करून घेते. चोवीस लंगोट. गॅलरीत तीन दोऱ्या बांधल्यात.

ए-५०३ आजी: बघ मी सांगत होते लंगोट

ए-६०२: आजी १, डायपर ०. (मी जाऊन आलो स्किनवाल्याकडे, महिनाभराचं औषध आहे, कोणी विचारू नका.)

सी-१०४ काका: डायपर कमी झाल्याबद्दल ४०२ चे आभार. उरलेले कागदात गुंडाळून वर लाल ठिपका.

बी-३०२ काकू (दुपारी ३.१५): ४०२, तुझ्या लंगोटांचं पाणी माझ्या गॅलरीत ठिबकतंय. खाली लोणच्याची बरणी उन्हाला ठेवलेली आहे. ऊन आजच पडलंय.

बी-४०२ ईराची आई: आले काकू खाली. बरणी आत घ्या तोवर.