मध्यम आकाराच्या, मोटारींवर विसंबलेल्या शहरात आधी काय सुधारावे: रस्ते की बस?

चौकस (प्रश्न)

चार-पाच लाख वस्तीचे, आडवे पसरलेले शहर डोळ्यांसमोर आणावे. घरे एका टोकाला, कामाची ठिकाणे दुसऱ्या टोकाला, आणि मधले अंतर मोटारीनेच कापायचे ही सवय दोन पिढ्या मुरलेली. बससेवा आहे, पण बहुतेक मार्गांवर पाऊण तासाने किंवा तासाने एक फेरी असल्यामुळे ज्याला दुसरा इलाज नाही तोच तिच्या वाटेला जातो. मुख्य रस्ते सकाळ-संध्याकाळ तुंबतात आणि दर अर्थसंकल्पात रुंदीकरण व उड्डाणपूल यांचीच मागणी पुढे येते. अशा शहराला मेट्रो परवडत नाही आणि एका मार्गावर तेवढे प्रवासीही मिळत नाहीत, हे मी गृहीत धरतो.

पैसा मर्यादित असेल तर सुरुवात कुठून करावी? बस वाढवल्या तर रिकाम्या धावतात म्हणून टीका होते आणि रस्ते रुंद केले तर काही वर्षांत ते पुन्हा भरतात. तत्त्वांपेक्षा अनुभव आणि हिशेब यांवर आधारलेली उत्तरे मिळाली तर उपयोग होईल.

आगारवाला

माझी बरीच वर्षे वेळापत्रके आखण्यात गेली आहेत, त्यामुळे माझे उत्तर बसच्या बाजूला झुकलेले असणार हे गृहीत धरून वाचावे. विचार बसच्या संख्येपासून सुरू न करता दोन फेऱ्यांमधल्या अंतरापासून सुरू करावा. मोटार असलेला माणूस बस नाकारतो, तो ती हळू चालते म्हणून कमी आणि तिची वाट पाहावी लागते म्हणून जास्त. वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी या अंतराच्या निम्मा वेळ थांबावे लागते. तासाला एक बस असेल तर अर्धा तास, दहा मिनिटांनी असेल तर पाच मिनिटे. त्यातही बस एकामागोमाग एक अशा जोडीने येऊ लागल्या की कागदावरची दहा मिनिटे प्रत्यक्षात वीस होतात. शिवाय वाटेत बस बदलायची असेल तर हा हिशेब दोनदा मांडावा लागतो. म्हणून तासाने धावणारे दोन मार्ग एकमेकांना छेदत असले तरी त्या जोडणीचा कोणी वापर करत नाही, आणि दर दहा मिनिटांनी धावणारे दोन मार्ग छेदतात तिथून मात्र शहराचा मोठा भाग हाताशी येतो.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो. गर्दीच्या रस्त्यावर नवी मोटार आली की इतरांचा वेळ वाया जातो. उलट बसमार्गाला नवे प्रवासी मिळाले की फेऱ्या वाढवता येतात आणि जुन्या प्रवाशांची वाट पाहण्याची वेळही घटते. (बस खचाखच भरेपर्यंत, अर्थात.)

आता पैशाचे. एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी, टोकावरच्या विश्रांतीसह, ९० मिनिटांची आहे आणि दर १५ मिनिटांनी बस हवी आहे, तर सहा बस लागतात. तीच फेरी ७५ मिनिटांत झाली, तर तीच सेवा पाच बसमध्ये देता येते, किंवा सहाही बस ठेवून दर साडेबारा मिनिटांनी फेरी सोडता येते. चालकाच्या पगाराचे तास हा बससेवेच्या खर्चाचा मोठा भाग असल्यामुळे वाटेत वाचवलेले प्रत्येक मिनिट म्हणजे थेट वाचलेला पैसा आहे. ही मिनिटे वाचवण्याचे उपाय दिखाऊ नसतात, म्हणून त्यांचे उद्घाटन कोणी करत नाही. दर दोनशे मीटरवर असलेले थांबे चारशे मीटरवर न्यावेत. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा निघून जातो, म्हणून तो पलीकडे हलवावा. तिकीट आधीच काढलेले असेल तर सर्व दारांतून चढू द्यावे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ पासून आपल्या सगळ्या बसमध्ये ही मुभा दिली. आणि संपूर्ण रस्त्यावर बसमार्गिका शक्य नसेल, तरी जिथे रांग लागते त्या चौकाअलीकडचे दोन-तीनशे मीटर तरी बससाठी राखून ठेवावेत.

वळणे घेत प्रत्येक वस्तीला स्पर्श करणारे वीस मार्ग असतील, तर त्यांतून सरळ जाणारे सात-आठ निवडून सगळी ताकद त्यांच्यात घालावी. अमेरिकेतले ह्यूस्टन हे मोटारींचे शहर म्हणूनच ओळखले जाते, आणि तिथे ऑगस्ट २०१५ मध्ये जवळजवळ सगळे बसमार्ग एका रात्रीत बदलले गेले. मध्यवर्ती भागात जमा होणारे मार्ग कमी करून जाळीसारखी रचना केली आणि वारंवार धावणाऱ्या मार्गांवर शनिवार-रविवारीही तीच सेवा ठेवली. सुट्टीच्या दिवसांची प्रवासी संख्या त्यानंतर लक्षणीय वाढली.

डांबर

रस्त्यांची बाजू मी मांडतो, पण ती रुंदीकरणाची बाजू नव्हे.

शहरातल्या रस्त्याची क्षमता दोन चौकांमधल्या पट्ट्यात ठरत नाही, चौकात ठरते. सतत हिरवा दिवा असता तर एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० मोटारी जातील. पण त्या दिशेला ४० टक्केच वेळ हिरवा मिळत असेल तर आकडा ७२० वर येतो. चौक तसाच ठेवून मधला रस्ता चौपदरीचा सहापदरी केला, तर मोटारी तेवढ्या लवकर पुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. त्याऐवजी वळणाऱ्या वाहनांसाठी चौकाजवळ छोटी स्वतंत्र मार्गिका, सिग्नलच्या वेळांची दर एक-दोन वर्षांनी फेरमोजणी आणि शक्य तिथे सिग्नल काढून वाहतूक बेट (चौकाच्या मध्ये गोल, ज्याला वळसा घालून वाहने जातात), या गोष्टींवर खर्च करावा. अमेरिकेत सिग्नल किंवा वाहनांना थांबायला सांगणारी पाटी काढून वाहतूक बेटे केलेल्या चौकांच्या अभ्यासात जखमी करणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचे आढळले, कारण समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळपास संपते आणि वेगही उतरतो. इंडियाना राज्यातल्या कार्मेल या लहान, पूर्णपणे मोटारींच्या शहराने अशी दीडशेहून अधिक बेटे बांधली आहेत. एक पथ्य मात्र पाळावे: एकाहून अधिक मार्गिकांचे बेट पायी ओलांडणाऱ्याला त्रासाचे ठरते, तेव्हा ते एकपदरीच ठेवलेले बरे.

रुंद रस्ते पुन्हा भरतात ही आता तक्रार राहिलेली नाही, तो मोजलेला परिणाम आहे. गिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांच्या २०११ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या महानगरांत महामार्गांच्या मार्गिकांची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतर वाढले. वर उल्लेख आलेल्या ह्यूस्टनमध्येच केटी महामार्ग २००८ पर्यंत रुंद करण्यात आला, काही ठिकाणी शेजारचे रस्ते धरून २६ मार्गिका झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. पण याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष बसचे समर्थक सहसा सांगत नाहीत: सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही एकूण मोटारवाहतूक घटल्याचे त्यात दिसले नाही, कारण एक मोटार रस्त्यावरून हटली की तिची जागा दुसरी घेते. तेव्हा बस सुधारली की कोंडी संपेल असे आश्वासन नागरिकांना देऊ नये. बसने कोंडीत न अडकण्याचा पर्याय मिळतो, आणि तो पुरेसा मोठा लाभ आहे.

खड्ड्यांविषयीही थोडे. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या चाचणीतून असे निघाले की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. म्हणजे रस्ता मोटारींनी झिजत नाही, ट्रक आणि बसनी झिजतो. ज्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस सोडायची आहे तिथल्या थांब्यांखाली काँक्रीटचा पट्टा घालावा, नाहीतर बस ब्रेक लावते त्या ठिकाणी डांबर खचून लाटा तयार होतात. आणि पाण्याचा निचरा नसेल तर वरचा थर कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही.

शेवटचा थांबा

आगारवाला यांचा हिशेब बरोबर आहे, पण वीस मार्गांचे आठ करताना उरलेल्या बारा मार्गांवरच्या माणसांचे काय, हा प्रश्न त्यांनी अलगद ओलांडला आहे. ते प्रवासी संख्येने थोडे असतात, पण बहुधा वृद्ध, अपंग, किंवा घरभाडे स्वस्त म्हणून शहराच्या कडेला गेलेले असतात. चारशे मीटर चालणे तरुणाला काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते बस नसल्यासारखेच आहे.

जास्तीत जास्त प्रवासी मिळवणे आणि जास्तीत जास्त वस्त्यांपर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत आणि एकाच बसकडून दोन्ही साधत नाहीत. म्हणून खर्चाची वाटणी उघडपणे ठरवावी. ह्यूस्टनने ती ८० आणि २० टक्के अशी ठरवली: ८० टक्के सेवा प्रवासी संख्येसाठी आणि २० टक्के केवळ पोहोचण्यासाठी. दुसरे शहर ६० आणि ४० ठरवील, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे की ती वाटणी कोणी ठरवतच नाही, आणि ज्या भागाचा प्रतिनिधी मोठ्याने बोलतो त्या भागात मार्ग वळतो. मागणीनुसार येणाऱ्या लहान गाड्या हा कडेच्या वस्तीवरचा जादुई उपाय म्हणून सांगितला जातो, पण अशी गाडी घरोघर फिरत असल्यामुळे तासाला मोजकेच प्रवासी वाहू शकते. ती अपंगांसाठी अवश्य ठेवावी. सर्वांसाठी ठेवली तर प्रवासी वाढतील तसा तोटा वाढत जाईल.

शिवाय प्रत्येक बसप्रवासाची सुरुवात पायी होते. पदपथ नसेल आणि थांबा सहापदरी रस्त्याच्या पलीकडे असेल, तर फेऱ्या कितीही वाढवल्या तरी परतीच्या वेळी माणसाला जीव मुठीत धरूनच रस्ता ओलांडावा लागतो. माझ्या मते पहिला पैसा थांब्यापाशी ओलांडण्याची जागा आणि रस्त्याच्या मध्यावर उभे राहण्याचा सुरक्षित ओटा यांवर खर्च व्हावा.

चौकस

सर्वांचे आभार. दोन शंका उरतात. मोटारींची मार्गिका काढून बसला देताना जो विरोध होतो त्यापुढे प्रशासन टिकते कसे? आणि प्रवास मोफत करावा या मागणीबद्दल आपले मत काय?

हिशेबी

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. एस्टोनियातल्या टॅलिनने २०१३ मध्ये रहिवाशांना मोफत प्रवास दिला. बसकडे वळलेल्यांत पूर्वी पायी जाणारे पुष्कळ होते, मोटारीतून उतरलेले त्या मानाने कमी. फ्रान्समधल्या डंकर्कने सप्टेंबर २०१८ मध्ये मोफत सेवा सुरू केली तेव्हा प्रवासी खूप वाढले, पण त्याच वेळी तिथे मार्गांची फेररचना होऊन मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस धावू लागली होती, हे सांगायचे राहून जाते. तिकिटातून मिळणारे उत्पन्न नगण्य असेल तर ते सोडून द्यावे. पण त्या पैशातून फेऱ्या वाढत असतील, तर गरजूंना सवलत देऊन बाकीच्यांकडून तिकीट घ्यावे.

पहिली शंका कठीण आहे, कारण तिथे आकडे कामाला येत नाहीत, क्रम येतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये जानेवारी ते जुलै गर्दी-शुल्काचा, म्हणजे शहराच्या मध्यभागाची सीमा ओलांडणाऱ्या मोटारींकडून पैसे घेण्याचा, प्रयोग केला. आधी लोक विरोधात होते. शुल्क सुरू होताच शहराच्या मध्यभागाच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, प्रयोग थांबवल्यावर ती बरीचशी परत आली, आणि दोन्ही अवस्था प्रत्यक्ष पाहिलेल्या शहराने सप्टेंबरमध्ये मतदान करून शुल्काला कौल दिला. २००७ पासून ते कायम झाले. मध्यम शहरात गर्दी-शुल्क झेपेल असे मला वाटत नाही, पण प्रयोग करून मग विचारण्याची पद्धत बसमार्गिकेलाही लागू पडते. फक्त गर्दीच्या वेळेपुरती, नुसत्या रंगाने आखलेली मार्गिका सहा महिने चालवावी. त्या रस्त्यावरून मोटारीतून किती माणसे जातात आणि बसमधून किती, ही मोजणी आधी आणि नंतर दोन्ही वेळा प्रसिद्ध करावी. पहिला रस्ता असा निवडावा जिथे बस आजही बऱ्यापैकी भरलेली असते. रिकाम्या बससाठी मार्गिका घेतली तर पुढच्या दहा वर्षांसाठी विषय संपला असे समजावे.

मोटारींना बंदी न घालताही त्यांचा मार्ग लांबवता येतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाण्याची सोय काढून टाकली. बाहेरच्या वळणरस्त्याने जावे लागते, पायी आणि सायकलने मात्र सरळ जाता येते. खर्च मुख्यतः फलक आणि कुंपणांचा होता. नव्या इमारतींवरची किमान वाहनतळाची सक्ती उठवणे हाही बिनखर्चाचा उपाय आहे. अमेरिकेतल्या बफलो शहराने २०१७ मध्ये ती शहरभर रद्द केली. ही सक्ती असेपर्यंत दुकाने आणि घरे एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि दोन थांब्यांच्या मध्ये मोकळ्या गाडीतळांखेरीज काही उरत नाही.

मार्गिकेत कॅमेरा आणि दंड यांची तरतूद पहिल्याच अर्थसंकल्पात धरावी. ती नंतर करू म्हणून ठेवली, तर पहिल्या महिन्यातच तिथे मालाच्या गाड्या उभ्या राहू लागतात, बस पुन्हा मधल्या रांगेत शिरते, आणि विरोधकांना दाखवायला छायाचित्र मिळते.