लॉर्ड मॅन्सफिल्डला गुलामांचा मुक्तिदाता म्हणावं का?

अद्वैत: १७७२ च्या सॉमरसेट खटल्याचं श्रेय सगळे इंग्लंडचे सरन्यायाधीश विल्यम मरे, म्हणजे लॉर्ड मॅन्सफिल्ड, यांना देऊन मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. जेम्स सॉमरसेट या गुलामाला जमैकात विकायचं म्हणून जहाजावर बेड्या घालून ठेवलं होतं. मॅन्सफिल्ड काय करत होते? मालकानेच त्याला सोडावं म्हणजे आपल्यावर निकालाची वेळ येणार नाही, हे सुचवत होते. इंग्लंडात चौदा-पंधरा हजार गुलाम, प्रत्येकी ५० पौंड धरले तर मालकांचं ७ लाख पौंडांवर नुकसान, हा हिशेबही त्यांनी कोर्टातच मांडला. माणसाच्या सुटकेत पौंड कुठून आले?

मृणाल: पण हिशेब मांडूनही त्यांनी सॉमरसेटला सोडलंच ना! गुलामगिरी इतकी घृणास्पद आहे की स्पष्ट कायद्याशिवाय तिला आधारच नाही, हे १७७२ साली न्यायासनावरून म्हणायला छाती लागते. मालकाच्या मागे मळेवाले आणि व्यापारी उभे होते.

अद्वैत: आणि झाँग? १७८१ मध्ये त्या जहाजावरून १३० हून जास्त आफ्रिकन माणसं समुद्रात फेकली, मालकांनी विम्याचे पैसे मागितले, आणि हे म्हणाले, घोडे फेकल्यासारखाच हा खटला.

मृणाल: ते वाक्य अर्धवट सांगू नका. ज्यूरीने प्रकरणाकडे कसं पाहिलं, ते सांगताना ते बोलले. ज्यूरीचा कौल मालकांच्या बाजूने होता. पाणी संपत आलं म्हणून माणसं फेकली असा दावा होता, पण मधे पाऊस पडला होता. हे पुढे आल्यावर मॅन्सफिल्ड यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला.

सायली: विम्याचा वकील म्हणून त्यांचं ऋण मी मानते. विमा घेताना काही लपवायचं नाही, हे तत्त्व त्यांच्या १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोह्म निकालातून आलं आणि भारतातल्या कोर्टांतही ते चालतं. पण मुक्तिदाता? नाही. सॉमरसेटच्या निकालाने मालकाला गुलामाला जबरदस्तीने देशाबाहेर नेण्यापासून रोखलं, त्यापुढे तो गेला नाही, हे त्यांनीच १७८५ मध्ये सांगितलं. भाच्याची मुलगी डायडो बेल, जिची आई गुलाम होती, त्यांच्या केनवूडच्या घरात वाढली. तिचं स्वातंत्र्य त्यांनी मृत्युपत्रात वेगळं लिहून ठेवलं. निकालाने सगळे मुक्त झाले असते तर घरच्या मुलीसाठी ही ओळ लिहायची गरज काय होती? मृणालताई, याचं उत्तर द्या.