मदत हवी आहे : लिफ्ट केलेली जुनी पिकअप, स्टीअरिंग सरळ राहत नाही

नमस्कार मंडळी. काटोलच्या संत्र्याच्या बागेत ये-जा करायला दोन महिन्यांपूर्वी जुनी डबल कॅब ४ बाय ४ पिकअप घेतली. आधीच्या मालकाने ती २ इंच उचललेली आहे : पुढे स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचा जोड) उंची वाढवणारा स्पेसर, मागे पाट्यांखाली ब्लॉक, वर मोठे टायर.

गावात काही जाणवत नाही. पण नागपूरच्या वर्धा रोडवर ८० च्या पुढे गेलं की गाडी भटकते, सारखं स्टीअरिंग सावरावं लागतं. वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ होत नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. शिवाय खड्ड्यातून चाक खाली सुटलं की पुढून ‘टक्’ असा धातूचा आवाज येतो.

टाय रॉड एंड आणि खालचे बॉल जॉइंट नवीन टाकले, फरक शून्य. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, जो स्टीअरिंग सरळ यायला मदत करतो) जेमतेम १ अंश. मेकॅनिक म्हणतो, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर आहे, चालवा. मला ते पटत नाही. गाडी उचलल्याने कॅस्टर कमी झाला असावा, आणि वरचा कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा वरचा दांडा) त्याच्या स्टॉपवर आपटून ‘टक्’ होत असावं.

आता वरचे कंट्रोल आर्म बदलून कॅस्टर वाढवू, की स्पेसर काढून गाडी मूळ उंचीवर आणू? स्टीअरिंग रॅकचे बुश आधी तपासावेत का? वाडी, हिंगणा भागात कॅस्टर नीट सेट करून देणारा कोणी माहीत असेल तर जरूर सांगा. आईबाबा याच गाडीत बसतात, म्हणून घाई आहे.