एवढ्याशा देशांनी एवढी साम्राज्यं कशी उभी केली?

खानापूरकर: गोव्यात पोर्तुगीज 1510 ला, बेळगावच्या किल्ल्यात इंग्रज 1818 ला. एवढ्या लांबून येऊन यांना जमलं कसं ओ?

टिळकवाडीकर: सुरुवात मिरी-मसाल्यापासून. मधले व्यापारी टाळून थेट माल हवा होता, म्हणून जहाजं आणि जहाजावर तोफा. पैसा पण एकट्या राजाचा नाही, 1602 ची डच कंपनी शेअर विकून उभी राहिली, बुडाली तरी प्रत्येकाचं थोडंच बुडणार, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बैलहोंगलकर: पण जमीन घेतली ती इथल्याच शिपायांच्या आणि इथल्याच महसुलाच्या जोरावर बगा. कित्तूर संस्थानाचंच घ्या, इंग्रजांनी दत्तक वारस नाकारला, मग ऑक्टोबर 1824 च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, केवढी हिंमत ती राणी चन्नम्मांची! तरी डिसेंबरात जादा फौज आणून किल्ला घेतलाच.

टिळकवाडीकर: बरोबर, आणि त्या शिपायांना पगार वेळेवर मिळायचा, आपल्या कितीतरी संस्थानांत तो थकलेला असायचा.