पहिल्या एन्ड्युरो शर्यतीची तयारी

प्रश्न: मी एडिनबरा येथे राहतो आणि या उन्हाळ्यात ट्वीड खोऱ्यातील इनरलीदन येथे प्रथमच एन्ड्युरो, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकल शर्यतीत उतरणार आहे. वेळ केवळ उताराच्या टप्प्यांचीच मोजतात, हे ठाऊक आहे. तरीही सराव चढाचा अधिक करावा की उताराचा?

उत्तर १: चढाला कमी लेखू नका. चढाची वेळ सहसा निकालात धरली जात नसली, तरी पुढच्या टप्प्याच्या आरंभी बहुधा ठरलेल्या वेळेत पोहोचावे लागते आणि दमलेल्या माणसाचे हात उतारावर ब्रेक धरून लवकर आखडतात. माझ्या पहिल्या शर्यतीत अखेरच्या टप्प्यानंतर बोटे सरळ होईनात.

उत्तर २: तिथल्या जंगलातल्या ओल्या मुळ्या फार निसरड्या असतात. त्या शक्यतो काटकोनात ओलांडा आणि चाक मुळीवर असताना पुढचा ब्रेक सोडून द्या. टायर ट्यूबलेस असल्यास आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) आठवडाभर आधी तपासा. ते वाळले आहे, हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळते.

प्रश्नकर्ता: ताई, मनापासून आभार. ब्रेक पॅड आदल्या रात्री बदलले तर चालतील का?

उत्तर २: नको. नवे पॅड आधी उतारावर वारंवार ब्रेक लावून बसवून घ्यावे लागतात, अन्यथा ते नीट पकडत नाहीत.